पीटरबरोची दोनशे वर्षं : कष्टांबरोबर मदतही आठवायला हवी

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, टोरांटोच्या ईशान्येला, ओटोनाबी नदीच्या काठी पीटरबरो नावाचं शहर आहे. २०२५ साली या शहराने आणि आसपासच्या खेड्यांनी एका स्थलांतराची द्विशताब्दी साजरी केली. १८२५च्या वसंतात आयर्लंडमधल्या कॉर्कजवळच्या कोव्ह बंदरातून नऊ जहाजं निघाली. जॉन बॅरी, रेग्युलस, अल्बियन, स्टार, अ‍ॅमिटी, एलिझाबेथ, रेझोल्यूशन, फॉर्टिट्यूड आणि ब्रन्सविक अशी त्यांची नावं. या जहाजांतून २,०२४ आयरिश माणसं तेव्हाच्या अप्पर कॅनडात, म्हणजे आजच्या ऑन्टारिओत, आली आणि पीटरबरोच्या पंचक्रोशीत वसली. योजना राबवणाऱ्या पीटर रॉबिन्सनचंच नाव पुढे गावाला मिळालं. त्या माणसांचे वंशज आजही तिथे आहेत आणि आपापल्या पूर्वजाचं जहाज कोणतं हे अनेकांना तोंडपाठ असतं.

अशा वर्धापनदिनांना माझा विरोध नाही. उलट, गरिबांची नावं इतिहासात फार कमी टिकतात, तिथे दोन हजार गरिबांची नावं जहाजांच्या याद्यांसकट टिकली आहेत ही फार मोलाची गोष्ट आहे. पण पूर्वजांची आठवण काढताना जगभर आपण सगळेच एक मोठी गाळणी लावतो. त्यांनी काय सोसलं ते सांगतो, त्यांनी काय उभारलं ते सांगतो आणि त्यांना काय मिळालं, कोणाकडून मिळालं, हे सोडून देतो. पीटरबरोच्या बाबतीत हा वगळलेला भागच सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो सांगितला नाही तर उत्सव अपुरा राहतोच, शिवाय आजच्या सार्वजनिक जीवनात तो चुकीच्या बाजूला वापरला जातो, असं माझं म्हणणं आहे.

एक गल्लत आधी दूर करायला हवी. आयरिश स्थलांतर म्हटलं की १८४५नंतरचा बटाट्याचा महादुष्काळ आठवतो, १८४७ साली सेंट लॉरेन्स नदीतल्या ग्रोस ईल बेटावर तापाने गेलेली हजारो माणसं आठवतात. रॉबिन्सनची माणसं त्याच्या वीस वर्षं आधीची. त्यांच्या मागेही दुष्काळ होताच. १८२१च्या पावसाळी हंगामात बटाटा सडला आणि १८२२ साली मन्स्टर प्रांतात लोक उपाशी राहिले. नेपोलियनशी चाललेली युद्धं संपल्यावर धान्याचे भाव पडले होते, जमीनदारांचा खंड मात्र पडला नव्हता. कॅथलिक शेतकऱ्याला प्रॉटेस्टंट चर्चसाठी दशमांश द्यावा लागे तो वेगळाच. मग रात्रीबेरात्री गंज्या जाळणं, जनावरं मारणं, जमीनदारांच्या दारावर धमकीच्या चिठ्ठ्या लावणं सुरू झालं. चिठ्ठ्यांखाली ‘कॅप्टन रॉक’ अशी सही असे. सरकारने बंडविरोधी कायदा पुन्हा लागू केला. रात्री घराबाहेर सापडलेल्या माणसाला देशाबाहेर हद्दपार करता येत होतं.

लंडनच्या वसाहत खात्यात तेव्हा रॉबर्ट विल्मट-हॉर्टन हे उपमंत्री होते. आयर्लंडमधली जास्तीची, अस्वस्थ, गरीब माणसं सरकारी खर्चाने कॅनडात पाठवायची, तिथे त्यांना जमीन द्यायची, म्हणजे इकडची अशांतता कमी होईल आणि तिकडे अमेरिकेच्या शेजारी राजनिष्ठ वस्ती वाढेल, असा त्यांचा विचार. प्रयोग म्हणून १८२३ साली ‘हीब’ आणि ‘स्टेक्सबी’ या दोन जहाजांतून ५६८ माणसं पाठवली गेली. ती आजच्या ओटावाच्या पश्चिमेला वसली. १८२५चा प्रयोग त्याच्या साडेतीन पटींहून मोठा होता. अप्पर कॅनडातले एक राजकारणी पीटर रॉबिन्सन फर्मॉय, मॅलो, मिचेल्सटाउन या उत्तर कॉर्कच्या भागात फिरले. जमीनदारांनी आणि दंडाधिकाऱ्यांनी शिफारस केलेल्या कुटुंबांतून त्यांनी माणसं निवडली. पन्नास हजारांच्या आसपास लोकांनी जाण्याची इच्छा दाखवली होती. म्हणजे निवडल्या गेलेल्या प्रत्येक माणसामागे वीसहून जास्त माणसं मागे राहिली. हा आकडा वर्धापनदिनाच्या भाषणांत यायला हवा, कारण आपले पूर्वज धाडसी होते म्हणून गेले आणि बाकीचे भित्रे होते म्हणून राहिले हा समज त्यामुळे आपोआप गळून पडतो. जायला सगळेच तयार होते, जागा थोड्यांना मिळाली.

प्रवास कठीण होता, त्यात शंका नाही. क्वेबेकला उतरून मॉन्ट्रिअल, मग नदीतल्या खळाळांवरून सपाट बुडाच्या होड्यांतून प्रेस्कॉट आणि तिथून किंग्स्टन. किंग्स्टनला ऐन उन्हाळ्यात तंबूंत मुक्काम पडला, आणि तिथेच हिवतापाने गाठलं. रॉबिन्सन ऑगस्टमध्ये येऊन पोहोचले तेव्हा छावणीत आजारी माणसांची रांग लागलेली होती. पुढे लेक ऑन्टारिओतून वाफेच्या बोटीने कोबर्ग. तिथून राइस लेकपर्यंत बारा मैलांचा रस्ता जवळजवळ नव्यानेच करावा लागला आणि होड्या चाकांवर चढवून तळ्यापर्यंत ओढत न्याव्या लागल्या. ओटोनाबी नदीत उन्हाळ्यामुळे पाणी उतरलेलं, म्हणून साठ फूट लांबीची खास उथळ होडी बांधली. ती होडी घेऊन वर गेलेल्या पहिल्या तुकडीत वीस स्थानिक आणि तीस धडधाकट आयरिश पुरुष होते. त्यांतला एकही तापातून सुटला नाही आणि दोघे दगावले, असं रॉबिन्सन यांनीच आपल्या अहवालात नोंदवलं आहे. निवडून घेतलेल्या जवानांची ही गत, तर मागून येणाऱ्या म्हाताऱ्यांची आणि तान्ह्या मुलांची काय झाली असेल? त्या पहिल्या वर्षात अनेक घरांतली माणसं गेली. कुणाचा नवरा, कुणाची आई, कुणाची सगळी लेकरं.

इथवरची कथा वंशज सांगतातच. मला थांबायचं आहे ते पुढच्या यादीपाशी.

प्रत्येक कुटुंबाला शंभर एकर जमीन मिळाली. त्या जमिनीवर ओंडक्यांचं एक घर बांधून देण्यात आलं, तेही मजुरीवर आणलेल्या, जंगलतोडीची सवय असलेल्या माणसांकडून, कारण कॉर्कच्या उघड्या माळावर वाढलेल्या शेतकऱ्याला दोन हात जाडीचं झाड पाडायचं कसं हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं. शिवाय प्रत्येक कुटुंबाला एक गाय, एक कुऱ्हाड, लाकडाला भोकं पाडायचं मोठं गिरमिट, दोन लहान गिरमिटं, एक करवत, एक हातोडी, शंभर खिळे, तीन कुदळी, एक किटली, एक कढई, एक लोखंडी भांडं, पाच बुशेल बियाण्याचे बटाटे आणि आठ क्वार्ट मक्याचं बियाणं (बुशेल आणि क्वार्ट ही धान्य मोजायची मापं). मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड पीठ आणि एक पौंड खारवलेलं डुकराचं मांस असा शिधा होता, मुलांना वयाप्रमाणे कमी. हा शिधा पहिलं पीक हाती येईपर्यंत चालू राहिला. १८२५च्या या खेपेला सरकारी तिजोरीतून सुमारे ४३ हजार पौंड गेले, म्हणजे माणशी एकवीस पौंडांहून जास्त.

शंभर खिळ्यांपर्यंत मोजून दिलेली ही यादी मला फार बोलकी वाटते. कुणीतरी बसून विचार केलेला आहे की माणसाला नव्याने उभं राहायला नेमकं काय लागतं. नुसती जमीन दिली तर माणूस पहिल्या हिवाळ्यात मरेल, म्हणून घर. घर दिलं तरी उपाशी मरेल, म्हणून शिधा. शिधा कायमचा देता येणार नाही, म्हणून बियाणं आणि अवजारं. आजच्या भाषेत हे संपूर्ण पुनर्वसनाचं पॅकेज आहे. त्याचा परिणामही दिसला. १८२६च्या हंगामात या वस्त्यांनी सुमारे ६८ हजार बुशेल बटाटे काढले. ज्यांना ‘आळशी’ आणि ‘दंगेखोर’ म्हणून आयर्लंडातून पाठवलं होतं, त्याच माणसांनी ते काढले. माणसं तीच होती, त्यांना उभं राहायला आधार मिळाला एवढाच फरक.

तेव्हाच्या जुन्या वसाहतकऱ्यांना मात्र हे खुपलं. आम्ही आलो तेव्हा आम्हाला कुणी गाय दिली नाही, या कॅथलिकांना फुकट शिधा कशाला, अशी कुरकुर सुरू झाली. १८२३च्या वस्तीजवळ तर १८२४च्या एप्रिलमध्ये दंगल झाली. आजच्या कार्लटन प्लेस या गावी आयरिश कॅथलिक आणि आधीचे प्रॉटेस्टंट वसाहतकरी भिडले, गोळीबार झाला, एक आयरिश माणूस मारला गेला. इतिहासात ती बॅलिगिब्लिन दंगल म्हणून ओळखली जाते. ही माणसं इथे राहण्याच्या लायकीचीच नाहीत, असं म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. लंडनमध्येही पार्लमेंटच्या समितीने १८२६-२७ साली या योजनेवर बरीच चर्चा केली, पण इतका खर्च पुन्हा करायची तयारी कुणाची झाली नाही. रॉबिन्सनची १८२५ची खेप शेवटची ठरली. पुढे १८४७ साली आले त्यांना गाय मिळाली नाही, शिधा मिळाला नाही, घरही मिळालं नाही. त्यांच्यापैकी किती जण बंदरांवरच मेले हे जगाला माहीत आहे. वीस वर्षांच्या अंतरावर, त्याच देशातून, त्याच धर्माची, तितकीच गरीब माणसं आली. एका गटामागे सरकार उभं राहिलं, दुसऱ्यामागे राहिलं नाही.

म्हणूनच द्विशताब्दीच्या निमित्ताने ‘आमचे पूर्वज रिकाम्या हातांनी आले आणि कुणाच्याही मदतीशिवाय त्यांनी सगळं उभारलं’ हे वाक्य कानावर आलं की मला ते नुसतं चुकीचं वाटत नाही, घातक वाटतं. गेली काही वर्षं कॅनडात घरांची टंचाई आहे, भाडी परवडत नाहीत, आणि राग नव्याने येणाऱ्यांवर निघतो आहे. २०२४ साली सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आणली. संख्या किती असावी यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण त्या वादात ‘आम्हाला कुणी काही दिलं नव्हतं’ हा दाखला दिला जातो, तेव्हा रॉबिन्सनच्या याद्या पुढे ठेवायला हव्यात. पीटरबरोच्या आयरिश वंशजांइतका हा दाखला खोडून काढण्याचा अधिकार दुसऱ्या कुणालाच नाही. आपल्या खापरपणजोबांना मिळालेली गाय आणि शंभर खिळे त्यांनी अभिमानाने सांगावेत.

आता जमिनीकडे येऊ. शंभर एकर प्रत्येकाला. ती जमीन सरकारकडे आली कुठून?

जहाजं निघाली त्याच्या सात वर्षं आधी, ५ नोव्हेंबर १८१८ रोजी, लेक ऑन्टारिओच्या काठावर आजच्या पोर्ट होप इथे ब्रिटिश सरकार आणि त्या भूमीचे मूळ रहिवासी असलेल्या मिची सागीग अनिशिनाबे लोकांचे प्रमुख यांच्यात एक बैठक झाली. तिथे झालेला करार ‘करार क्रमांक २०’ म्हणून ओळखला जातो. सुमारे साडेएकोणीस लाख एकर भूभाग, आणि बदल्यात दरसाल ७४० पौंडांचा माल. रॉबिन्सनच्या माणसांना मिळालेले डूरो, एमिली, एनिसमोर, ओटोनाबी हे सगळे भाग याच प्रदेशातले. सरकारी बाजूने विल्यम क्लॉस होते, अनिशिनाबेंच्या बाजूने प्रमुख बकक्वाकेट बोलले. त्यांचं बोलणं इतिवृत्तात उतरवलेलं आहे. मागणी नाकारली तर आमच्या बायका-मुलांची अवस्था आणखी दयनीय होईल, शिकार नष्ट झालेली आहे, आता राजाच्या दयेवरच आम्हाला अवलंबून राहावं लागेल, अशा आशयाचं ते बोलणं आहे. त्याच वेळी त्यांनी स्पष्ट अपेक्षा बोलून दाखवली की मासेमारी, पाण्याचा वापर आणि मिळेल तिथे शिकार करण्याचा हक्क आमच्याकडून काढून घेतला जाऊ नये. क्लॉस यांनी उत्तर दिलं की नद्या सर्वांना खुल्या आहेत आणि तुमचाही तिथे समान हक्क आहे.

कागदावर झालेल्या करारात मात्र हे आश्वासन आलंच नाही.

ते आश्वासन कायद्याच्या दरबारात खरं ठरायला दीडशेहून जास्त वर्षं लागली, आणि ते खरं ठरलं तेही बेडकांमुळे. बंद हंगामात मोठे बेडूक पकडल्याबद्दल दोन अनिशिनाबे पुरुषांवर खटला झाला. १९८१ साली ऑन्टारिओच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की १८१८च्या बैठकीचं इतिवृत्त हा कराराचाच भाग आहे, त्यामुळे हा हक्क टिकून आहे. पण आनंद फार टिकला नाही. १९२३ साली सरकारने अनिशिनाबेंकडून विल्यम्स करार नावाचे आणखी करार करून घेतलेले होते. त्या करारांनी हे हक्कही सोडून दिले गेले, असं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली म्हटलं. तो खटला ओटोनाबी नदीत मासे पकडल्याबद्दलचा होता. म्हणजे ज्या नदीतून आयरिश माणसांची होडी वर गेली, त्याच नदीत मासा पकडणं मूळच्या माणसाला गुन्हा ठरलं. शेवटी २०१८ साली, करार क्रमांक २०ला बरोबर दोनशे वर्षं होत असताना, केंद्र आणि प्रांत सरकारांनी विल्यम्स करारांखालच्या सात अनिशिनाबे समाजांशी तडजोड केली. सुमारे १.१ अब्ज डॉलरची भरपाई दिली, शिकार-मासेमारीचे हक्क मान्य केले, आणि माफी मागितली.

२०१८ आणि २०२५ ही दोन द्विशतकं एकाच भूमीची आहेत. पहिल्याशिवाय दुसरं घडलंच नसतं. तरी दोन्ही स्मरणं वेगवेगळ्या सभागृहांत, वेगवेगळ्या माणसांसमोर होतात. आता कॅनडात कुठल्याही कार्यक्रमाच्या सुरुवातीला ‘आम्ही अमुक समाजाच्या भूमीवर जमलो आहोत’ असं वाचून दाखवायची पद्धत रूढ झाली आहे. ती पद्धत चांगली आहे, पण दोन वाक्यं वाचून पुढे जाण्याने काम भागत नाही. द्विशताब्दीच्या व्यासपीठावर १८१८चं इतिवृत्त वाचलं जावं. जहाजांची यादी वाचतात तसंच, शांतपणे, पूर्ण. आणि कर्व्ह लेक व हायवाथा इथल्या अनिशिनाबे समाजांना पाहुणे म्हणून मागच्या रांगेत न बसवता यजमान म्हणून बोलू द्यावं.

यावर घेतला जाणारा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. उपाशी आयरिश कुळाचा १८१८च्या कराराशी काय संबंध? त्याने सही केली नव्हती, त्याला विचारलंही नव्हतं. तो स्वतःच इंग्रजी राजवटीखाली चिरडला गेला होता. त्यांतल्या अनेकांच्या घरात आयरिश भाषा बोलली जात होती आणि पुढच्या पिढ्यांत तीही गेली. मग त्याच्या नातवंडांच्या सणात हे ओझं कशाला?

हे सगळं खरं आहे. दोष त्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही आणि दोष वंशपरंपरेने येतो असंही मी मानत नाही. पण जमीन वंशपरंपरेने येते. ती विकली, वाटली, तिच्यावर कर्ज काढलं, मुलं शिकवली. जे वारशाने मिळालं त्याचा उगम सांगणं ही कबुली नव्हे, प्रामाणिकपणा आहे. आणि दुसरं, एका साम्राज्याने एका गरिबाला दुसऱ्या गरिबाच्या जागी बसवलं, हे सांगितल्याने आयरिश दुःख कमी होत नाही. उलट ते का घडलं हे अधिक नीट कळतं. कॉर्कमध्ये जमीन जमीनदाराची का होती आणि पीटरबरोत ती सरकारकडे कशी आली, या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच वसाहतवादी राजवटीत आहेत.

शिवाय मिळालेलं फक्त सरकारकडून मिळालं नव्हतं. रॉबिन्सन यांच्या १८२६च्या हिशेबात बटाट्यांबरोबर आणखी एक नोंद आहे : सुमारे नऊ हजार पौंड मेपलची साखर. कॉर्कच्या शेतकऱ्याने मेपलचं झाड कधी पाहिलंही नव्हतं. हिवाळा सरताना झाडाला खाच पाडून रस धरायचा आणि तो आटवून साखर करायची ही विद्या त्या भूमीतल्या मूळ रहिवाशांची. आयरिशांना ती थेट अनिशिनाबेंनी शिकवली की आधीच्या गोऱ्या शेजाऱ्यांनी, हे प्रत्येक घरापुरतं वेगळं असेल, पण ती ज्ञानाची ठेव कुणाची होती याबद्दल वाद नाही. मक्याचंही तसंच. सरकारने दिलेलं ते आठ क्वार्ट बियाणं या खंडातल्या मूळ शेतकऱ्यांनी शेकडो पिढ्या जोपासलेल्या पिकाचं होतं.

आयरिश लोकांना ही कृतज्ञता शिकवायला बाहेरून कुणी जायची गरज नाही. नऊ जहाजं ज्या कॉर्क परगण्यातून निघाली, तिथेच मिडल्टन गावात २०१७ साली एका स्मारकाचं अनावरण झालं. गरुडाची नऊ मोठी पोलादी पिसं वाडग्याच्या आकारात गोल उभी आहेत. हे स्मारक अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी असलेल्या चॉक्टॉ लोकांसाठी आहे. १८४७ साली, स्वतः आपल्या भूमीवरून हुसकावले जाऊन जेमतेम दीड दशक झालेलं असताना, या लोकांनी आयर्लंडच्या उपाशी माणसांसाठी वर्गणी काढून पैसे पाठवले. पुढे २०२० साली कोविडने अमेरिकेतल्या नाव्हाहो आणि होपी या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांना विळखा घातला तेव्हा हजारो आयरिश माणसांनी तिकडे पैसे पाठवले, आणि १८४७ची परतफेड म्हणून पाठवतो असं लिहून पाठवले. मदत दुसऱ्या समाजाला गेली, तरी त्यांना ती त्याच ऋणाची फेड वाटली. माझ्या मते आयरिश स्मरणपरंपरेतलं हे सगळ्यात उजळ पान आहे. पीटरबरोला आदर्श शोधायला दूर जायला नको.

आपल्याशी जवळचं एक उदाहरणही आहे. रॉबिन्सनच्या जहाजांनंतर नऊ वर्षांनी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अ‍ॅटलस’ जहाजातून भारतीय करारबद्ध मजुरांची तुकडी मॉरिशसला उतरली. पुढच्या दशकांत मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तिथे आहेत आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. मॉरिशस २ नोव्हेंबरला मजुरांच्या आगमनाचा दिवस पाळतो आणि १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याचा दिवस पाळतो. दोन्ही राष्ट्रीय सुट्ट्या आहेत. मजूर उतरले तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत आला आणि पळालेले गुलाम जिथे आसरा घेत तो ल मॉर्न डोंगर २००८ साली. आफ्रिकी गुलामांच्या जागी भारतीय मजूर आणले गेले, त्यातून दोन समाजांत ताण निर्माण झाला आणि तो अजून पुरता गेलेला नाही. तरी दोघांचं दुःख एकाच राष्ट्रीय दिनदर्शिकेत आहे. कॅनडानेही २०२१पासून ३० सप्टेंबर हा मूळ रहिवाशांवरच्या अन्यायाची आठवण ठेवणारा सत्य आणि समेटाचा दिवस पाळायला सुरुवात केली आहे. पण तो आणि आयरिश आगमनाचा सोहळा यांच्यात पूल बांधण्याचं काम गावांनाच करावं लागेल, ते ओटावातून होणार नाही.

ऑन्टारिओतल्या मराठी माणसांना हा विषय परका वाटू नये. टोरांटोच्या पूर्वेची पिकरिंग, एजॅक्स, व्हिटबी, ओशावा ही उपनगरं विल्यम्स करारांच्या प्रदेशातच येतात आणि तिथे मराठी घरं आता भरपूर आहेत. आपल्या मंडळांच्या स्मरणिकांतही एक कथा पुन्हा पुन्हा छापली जाते : खिशात आठ डॉलर घेऊन आलो आणि शून्यातून सगळं उभं केलं. आठ डॉलर खरे आहेत, परकीय चलनाचे नियमच तसे होते. त्या पहिल्या पिढीचे हिवाळे आणि एकटेपण खरं आहे, त्यांची जिद्दही खरी आहे. पण ती माणसं शून्यातून आलेली नव्हती. सरकारी अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांत नाममात्र फीवर झालेलं शिक्षण त्यांच्याजवळ होतं. तो खर्च भारतातल्या करदात्यांनी उचलला होता, आणि काडेपेटीवरही कर भरणारा, स्वतःची मुलं शाळेत पाठवू न शकणारा शेतमजूरही त्या करदात्यांत होता. हे मंडळाच्या पन्नाशीच्या स्मरणिकेत छापलं तर कुणाची मान खाली जाणार नाही. गेल्या चार-पाच वर्षांत कर्ज काढून आलेली, तळघरात पाच-सहा जणांत राहणारी मराठी मुलंमुली त्याच शहरांत आहेत. जुन्यांच्या बैठकींत त्यांच्याविषयी जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं १८२५च्या जुन्या वसाहतकऱ्यांच्या कुरकुरीसारखंच ऐकू येतं. रॉबिन्सनची यादी आपणही वाचायला हवी.

पुन्हा पीटरबरोकडे. भाषणं आणि फलक यांपलीकडे वंशजांना करण्यासारखं एक काम अगदी समोर आहे. राइस लेक हे नाव तिथल्या जंगली भातामुळे पडलं. अनिशिनाबे त्याला मनोमिन म्हणतात. शरद ऋतूत होडीतून फिरत काठ्यांनी दाणे होडीत झाडून घेतात, भाजून, पाखडून साठवतात. हे त्यांचं मुख्य अन्न होतं. एकोणिसाव्या शतकात गिरण्यांसाठी आणि पुढे ट्रेंट-सेव्हर्न जलमार्गासाठी बंधारे बांधले गेले, तळ्यांचं पाणी चढलं आणि भाताचे पट्टेच्या पट्टे बुडाले. गेल्या काही दशकांत कर्व्ह लेकच्या लोकांनी पुन्हा बियाणं टाकून तो भात आणला आहे. पिजन लेकमध्ये तो दाट वाढायला लागल्यावर काठच्या बंगल्यांच्या मालकांनी २०१५च्या सुमारास तक्रारी सुरू केल्या की बोटी चालवता येत नाहीत, पोहता येत नाही, आणि काही ठिकाणी यंत्रं लावून भात उपटलाही गेला. पिजन लेकच्याच काठाला एनिसमोर आहे. रॉबिन्सनच्या माणसांना मिळालेल्या टापूंपैकी तो एक, आणि त्याला नाव एका आयरिश सरदाराचं. तिथल्या चर्चच्या दफनभूमीत कॉर्कमधली आडनावं आजही ओळीने दिसतात. या भातावरचा वाद पुन्हा जलमार्ग सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्यापुढे येईल तेव्हा, बटाट्याचं पीक गेल्यामुळे ज्यांच्या पूर्वजांना घर सोडावं लागलं, त्या कुटुंबांनी अनिशिनाबेंच्या पिकाच्या बाजूने लेखी निवेदन द्यावं, आणि त्यावर आपल्या जहाजाच्या नावासकट सही करावी.